पढवलेली

आधी ब्रूनोची पाळी झाली.

ब्रूनो म्हणजे बंगल्यातला कुत्रा. जाडजूड, पिवळसर, स्वभावानं गरीब. ताई, म्हणजे मालकीणबाई, म्हणाल्या, "ब्रूनो, शेकहँड." त्यानं पंजा उचलून दिला. हॉलमधल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी ब्रूनोला बिस्किट दिलं.

मग ताईंनी मला बोलावलं. मी भज्यांचा ट्रे घेऊन कोपऱ्यात उभी होते.

"राणी, इकडे ये. सांग बरं सगळ्यांना, तुला इथं कसं वाटतं?"

"छान."

"असं नाही. पूर्ण वाक्यात."

"मी इथं खूप सुखी आहे. ताई मला मुलीसारखं वागवतात."

पुन्हा टाळ्या. त्या मुंबईच्या बाई म्हणाल्या, "काय मस्त ट्रेन केलंयस गं हिला! उच्चार तर बघ." ताई कौतुकानं हसल्या. त्या बाईंनी माझ्यापुढंही बिस्किट धरलं. ब्रूनोच्या डब्यातलं नव्हतं. माणसांचंच होतं, क्रीमचं. पण हात तोच. ज्या हातानं त्याला दिलं त्याच हातानं मला दिलं, आणि मधे त्यांनी तो पुसलासुद्धा नाही.

मी घेतलं. "थँक यू" म्हणाले. तेही शिकवलेलंच.

खंडाळ्यातला तो बंगला दरीच्या अगदी कडेला. खिडकीतून धुकं आत यायचं. पाहुणे धुक्याचे फोटो काढायचे आणि म्हणायचे, "किती नशीबवान आहेस गं, अशा जागी राहतेस." मी राहायचे स्वयंपाकघरामागच्या खोलीत. तिथं रिकामी सिलिंडरं होती, माझी गोधडी होती आणि खिडकी नव्हती.

आमचं गाव कामशेतच्या आत, वडिवळ्याच्या बाजूला. आम्ही मुसलमान. गावात आमची चारदोन घरं. बोली मात्र सगळ्या गावाची तीच आमची. बापाला अब्बा म्हणायचो, आईला आईच. अब्बा लग्नाच्या पंगतींचे आचारी होते. हिंदूंच्या लग्नात वरण-भात त्यांच्या हातचा, आमच्या लग्नात बिर्याणी त्यांच्या हातची. कावीळ झाली आणि गेले. मी पाचवीत होते. आई दुसऱ्यांच्या खाचरांत भात लावायला जायला लागली. धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता.

शेजारच्या वाडीतले एक आबा त्या बंगल्यावर वॉचमन होते. जुने शेतकरी, शेतीत भागेना म्हणून खाकी शर्ट घातलेले. ते आईला म्हणाले, "पोरगी तितं दे. खाईल, शिकंल, चार शब्द चांगलं बोलंल. बाई लय मायाळू हायेत. त्यास्नी पोरबाळ न्हाई."

आईनं विचारलं, "शाळंत घालतील का?"

"व्हय तर. मुलीवाणी ठेवणार म्हणत्यात."

आई खोटं बोलली नाही, आबाही खोटं बोलले नाहीत. ताईंनी त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. म्हणून मला तिथं कुणी ओढून नेलं नाही. मी आबांचं बोट धरून, नवी रिबीन लावून गेले.

पहिल्याच दिवशी ताईंनी माझं नाव विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "जरा अवघड आहे. आपण राणी म्हणूया." माझं नाव दोन अक्षरी आहे, त्यात अवघड काही नाही. खरा प्रश्न वेगळा होता. त्यांची एक आत्या यायची, सोवळंओवळं पाळणारी. तिला माझ्या नावाच्या हातचं पाणी चाललं नसतं. राणीच्या हातचं चालत होतं. पुढं माझे जबाब झाले, कार्यक्रम झाले, सगळीकडं ते नाव उच्चारलं गेलं. इथं मी ते लिहीत नाही. ते मला परत मिळालंय, ते आता सगळ्यांना वाटत फिरायचं नाही.

शाळा "पुढच्या वर्षी" होती. दर वर्षी पुढच्या वर्षी होती. ताई स्वतः मला शिकवायच्या, पण बोलायला तेवढं. "'न्हाई' नाही, 'नाही' म्हण. 'हितं' नाही, 'इथं'." मी "लय" म्हटलं की त्या कानावर हात ठेवायच्या. मी हळूहळू शुद्ध झाले. हे जे मी आत्ता लिहितेय ते त्यांनी शिकवलेल्या भाषेत लिहितेय, हे मला कळतं. मी ती ठेवून घेतलीय. फुकट मिळाली नव्हती.

बाकी काम. पहाटे चहा, मग झाडू, भांडी, ब्रूनोला फिरवणं, तेही कंपाउंडच्या आतच. कपडे, इस्त्री, पाहुणे असले की सगळं दुप्पट. ताईंचे यजमान, साहेब, आठवड्याच्या शेवटी यायचे, कधी वर मान करून बोलायचे नाहीत. मारलं कुणी नाही. हे आधीच सांगून टाकते. लोक सगळ्यात आधी तेच विचारतात.

आई ईदला भेटायला यायची. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या जायच्या आणि तिसरी ताईंची. आईला चहा कपात मिळायचा, मला नवा ड्रेस मिळायचा. ताई फोटो काढायच्या. मग म्हणायच्या, "सांग ना आईला."

एका ईदला आई फार थकलेली दिसली. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. मला म्हणायचं होतं, आई, मला घरी ने. ताई बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "मी इथं खूप सुखी आहे. ताई मला मुलीसारखं वागवतात."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गेटापाशी आबांना सांगितलेलं मी ऐकलं, "ऐकलंत का? कशी शहरातल्यावाणी बोलती माजी पोर!"

तिला आनंद झाला होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बांधून ठेवलं असतं तर आईला दोर दिसला असता. इथं दोर माझ्या तोंडात होता आणि आईला तो दागिना वाटला.

त्यानंतर काही दिवसांनी पाहुणे आले. त्याच मुंबईच्या बाई. ब्रूनो म्हातारा झाला होता, त्याला कुणी उठवलं नाही. ताई म्हणाल्या, "राणी, सांग गं."

मी ट्रे खाली ठेवला.

"अगं, लाजतेस काय? सांग."

"न्हाई," मी म्हणाले. ओठांवर आलं ते गावचंच आलं. "मी हितं सुखी न्हाई. मला घरी जायाचंय."

मुंबईच्या बाई हातातल्या ग्लासाकडं बघायला लागल्या. ताई हसल्या. "आज राणीचा मूड नाही. वय आहे ना." सगळे सुटल्यासारखे हसले. कुणीतरी पत्ते काढले.

पाहुणे गेल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "जायचंय? जा. दार उघडंच आहे. फक्त एवढं लक्षात ठेव, तू गेलीस की आबाला मी काढून टाकीन. आणि माझी कानातली सापडत नाहीयेत, ते तुझ्या आईला येऊन विचारीन."

कानातली त्यांच्या कानात होती. बोलताना हलत होती.

मी गेले नाही. दार रोज उघडं असायचं. मी त्याच्या उंबऱ्यावरची फरशी रोज पुसायचे. पुसताना फडकं उंबऱ्यापर्यंत जायचं आणि हात तिथून माघारी यायचा. बाहेरचा रस्ता मला दिसायचा. सहलीला आलेली पोरं मक्याची कणसं खात जायची. माझ्यात आणि त्यांच्यात काही नव्हतं, नुसती हवा. पण मी ज्या दिवशी "न्हाई" म्हणाले त्या दिवसापासून ती हवा मला भिंतीसारखी दिसायला लागली. आधी दिसतसुद्धा नव्हती.

शेवटी गेले ते काही ठरवून नाही. भातलावणीचे दिवस होते. दुपारी ताई गॅलरीत फोनवर बोलत होत्या. म्हणत होत्या, "अगं, तुलाही एक बघून देते. आबाच्या वाडीत आहेत अजून मुली. लहानच घ्यायची, म्हणजे वळण लागतं." मी फरशी पुसत होते. फडकं तिथंच टाकलं आणि चालायला लागले. आबा गेटावर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं. अडवलं नाही. थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

रस्त्यानं लोणावळ्यापर्यंत चालत आले. चिक्कीच्या दुकानांपुढं गर्दी होती. स्टेशनवर पुण्याकडं जाणाऱ्या गाडीत बसले, कामशेतला उतरले. आई खाचरात होती. वाकलेली. हातात रोपांची जुडी. मला बघून ती सरळ झाली.

"कशी आलीस? सोडलं व्हय त्यांनी?"

"सोडलं न्हाई. मी सुटले."

तिला कळलं नाही. कसं कळावं? तिनं तर माझ्या तोंडून दर ईदला ऐकलं होतं.

चार दिवसांत ताई गाडी घेऊन आल्या. मिठाई आणली. माझे ड्रेस घड्या घालून आणले. अख्खं गाव गोळा झालं. त्यांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हळूच विचारलं, "राणी, माझी कानातली कुठे ठेवलीस का गं चुकून? रागावणार नाही मी."

बस. एवढंच. आरोप केला नाही. पोलिसात गेल्या नाहीत. जाताना आईला म्हणाल्या, "कधीही पाठवा. माझं दार उघडंच आहे."

त्या दिवसापासून गावात कुणी मला घरात घेईना. भांडी घासायच्या कामालासुद्धा. "खाल्ल्या घरचं वासं मोजती," बाया म्हणायच्या. आई रात्री एकदा फक्त म्हणाली, "तू खरं सांगतीस ना गं?" त्या एका वाक्यानं मला जे झालं ते बंगल्यातल्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं.

मग दीदी आल्या. एका संस्थेच्या. घरकामाला ठेवलेल्या मुलींसाठी त्या काम करायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. "याला वेठबिगारी म्हणतात," त्या म्हणाल्या. "गुलामीच. तू तक्रार करायची." त्यांनीच तालुक्याच्या कचेरीत तक्रार लावली. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. त्या नसत्या तर मी आजही चोरटी पोर हे नाव घेऊन गावात गप्प बसले असते.

पण दीदींनीही मला शिकवायला सुरुवात केली.

लोणावळ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मदत देणारी मोठी माणसं येणार होती. दीदी म्हणाल्या, "आधी अब्बांचं मरण सांग. मग ब्रूनोचं. ते लोकांना फार भिडतं. मग थांबायचं, पाणी प्यायचं. रडू आलं तर आवरू नकोस."

"आणि नाही आलं तर?"

"येईल. आईचं सांगताना येईल." मग म्हणाल्या, "ईदच्या ड्रेसचं नको सांगूस. लोकांचा गोंधळ होतो."

माझ्या उजव्या मनगटावर इस्त्रीचा चट्टा आहे. घाईत इस्त्री करताना माझाच हात लागला होता. दीदींना हे माहीत होतं. त्या दिवशी माइकवर त्यांनी माझा हात धरून वर केला आणि म्हणाल्या, "हा हात बघा. बाकी मी काही बोलत नाही."

बोलल्या नाहीतच. हॉलनं स्वतःच ठरवून टाकलं. एका बाईंनी पुढं येऊन त्या चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि त्या हुंदके द्यायला लागल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मी पाणी प्यायले. जिथं सांगितलं होतं तिथंच प्यायले.

आणि एकदम कळलं. हा हॉल मला ओळखीचा होता. ट्रे नव्हता, ब्रूनो नव्हता, पण मी मधे उभी होते आणि लोक खूश होते. तिथं मी सुखी असले की खूश. इथं मी दुःखी असले की खूश. माझं म्हणणं काय आहे, हे तिथंही कुणी विचारलं नव्हतं, इथंही नाही.

कचेरीतली चौकशी त्यानंतर लागली. लहान खोली, टेबलापलीकडं अधिकारी साहेब. ताई वकिलाला घेऊन आल्या होत्या, फिकट साडीत. वकिलांनी फोटो मांडले. ईदचे ड्रेस. माझ्या वाढदिवसाचा केक. मी हसतेय. सगळ्यांत हसतेय.

मग आबांना पुढं बोलावलं. ते अजून ताईंच्याच गेटावर होते, ताईंनी त्यांना काढलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "मुलगी तिथं कशी होती?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "सुखात व्हती," ते म्हणाले.

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मी आबांना दोष देत नाही, असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. मी देते. त्यांना भाकरीची भीती होती हे मला कळतं, तरी देते.

आता वकील माझ्याकडं वळले. "लोणावळ्यात भर सभेत हा हात दाखवला होता. हा चटका ताईंनी दिला का?"

दीदी माझ्या मागं बसल्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू आला. हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. त्या अक्षरावर सगळं तरलं असतं, आई सुटली असती, गाव गप्प झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्याच हातानं झाला. मला कुणी मारलं नाही, डागलं नाही. ड्रेस मिळायचे. केकही मिळाला होता."

वकिलांनी फाइल मिटली. "मग प्रश्नच मिटला, साहेब."

साहेब म्हणाले, "दाराला कुलूप होतं का?"

"नव्हतं."

"मग तू गेली का नाहीस?"

मी रडले नाही. ठरवून नाही, रडूच आलं नाही. मी म्हणाले, "साहेब, पाचवीतल्या पोरीला कुलूप लागत नाही. तिला सांगितलं होतं, तू गेलीस तर एका म्हाताऱ्याची भाकर जाईल आणि तुझी आई चोराची आई होईल. एवढं सांगितल्यावर दार उघडं ठेवायला काय जातंय?" ताई टेबलाकडं बघत होत्या. "आणि मला एकच विचारायचंय. मी त्यांची मुलगी होते, तर मग शाळेत का नव्हते? नोकर होते, तर मग पगार का नव्हता? दोन्हींतलं त्यांनी एक सांगावं. जे सांगतील ते मी मान्य करते."

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी ताईंकडं बघितलं. ताईंनी वकिलाकडं बघितलं. मला वाटलं, आता.

वकील हसले. "बघा साहेब. ही खेड्यातली, पाचवी शिकलेली मुलगी. अशी बोलते? हिला पढवलेलं आहे."

साहेबांनी मान डोलावली. लेखणी पुन्हा चालायला लागली.

तिथं मला सगळा पिंजरा एका वेळी दिसला. रडले असते तर नाटकी. रडले नाही तर दगड. अडखळले असते तर हिला काही सांगताच येत नाही. नीट बोलले तर पढवलेली. सुखी आहे म्हणत होते तेव्हा मात्र कुणाला शंका आली नव्हती. तेव्हा मी खरोखरच पढवलेली होते, आणि तेव्हाच माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

निकालात आलं की मुलगी "घरातील सदस्याप्रमाणे" राहत होती, जुलूम सिद्ध होत नाही. दीदी जिन्यात माझ्यावर चिडल्या. "एक हो म्हणायचं होतं गं! जिंकत होतो आपण."

मी म्हणाले, "दीदी, ते तुम्ही जिंकला असता."

त्या भराभर जिना उतरून गेल्या. आई खालच्या पायरीवर बसली होती. खोलीतलं सगळं तिनं दारातून ऐकलं होतं. ती उठली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ईदला मला का न्हाई सांगितलंस गं असं?" मग तिलाच उत्तर सुचलं असावं, कारण तिनं तोंडाला पदर लावला आणि ती भिंतीकडं वळली. मी तिला धरलं नाही. तिला तिथं थोडा वेळ उभं राहू दिलं.

आता मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दहावीचा फॉर्म बाहेरून भरलाय. गाव अजून तसंच आहे. ताईंकडं आता दुसरी मुलगी आहे, असं आबांच्या सुनेनं आईला सांगितलं. लहान आहे म्हणे. तिचं नाव काय ठेवलंय, ते कळलं नाही. तिचं खरं नाव शोधून काढून, त्या नावासकट मी वेगळी तक्रार देणार आहे, दीदी बरोबर आल्या तरी आणि नाही आल्या तरी.

वरच्या कचेरीत मी अपील केलंय. ते लिहून देणारे गृहस्थ म्हणाले, "थोडं दुःख घालू का? वाचणाऱ्याचं मन द्रवतं."

"नको," मी म्हणाले.

"मग मागणी काय लिहू? भरपाई?"

मी विचार केला. मग त्यांना एकेक शब्द सांगितला आणि त्यांनी लिहिलं तसं वाचून घेतलं. मी त्या घरात मुलगी नव्हते. मी तिथं काम केलं. मला तिथं कोंडलं होतं. हे सरकारनं आपल्या शिक्क्यानिशी लिहून द्यावं.

ते म्हणाले, "असं कुणी लिहून देत नाही, बाळ."

"देतील," मी म्हणाले. "तोवर मी येत राहणार. तारीख पाडा म्हणावं."